बंधाऱ्यावरचा फोटो लोरावरून अर्धाच पोचतोय, पुढं सगळं करडं

हिरण्यकेशीकाठ:

नमस्कार मंडळी. आजरा तालुक्यात हिरण्यकेशीवर आमचा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पाणीपुरवठा संस्थेच्या मोटारी त्याच्या जरा वरच्या अंगाला, काठावर बसवल्यात. पाणी चढायला लागलं की मोटारी सोडवून वर आणायच्या, त्याला ट्रॅक्टर आणि आठ-दहा माणसं लागतात. लवकर काढल्या आणि पावसानं ओढ दिली तर उसाला पाणी नाही. उशीर झाला तर मोटारी गाळात.

बंधाऱ्याच्या एका खांबावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या आहेत. रात्री-अपरात्री कुणीतरी बॅटरी घेऊन बघून यायचं, ते बंद व्हावं म्हणून मी समोरच्या काठावर ईएसपी३२-कॅम हा कॅमेऱ्याचा छोटा बोर्ड बसवलाय. तिथं मोबाइलला रेंज नाही, म्हणून लोरा, म्हणजे कमी वेगाचा पण लांब पोचणारा रेडिओ. दुसरं मॉड्यूल गावात पाण्याच्या टाकीवर. सरळ रेषेत तीन किलोमीटर, मधे ऊस आणि ओढ्याकडेची झाडी.

सेटिंग असं: ८६६ मेगाहर्ट्झ, एसएफ (स्प्रेडिंग फॅक्टर, वाढवला की लांब पोचतं पण वेळ जास्त लागतो) ७, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ. फोटो ३२० × २४०, रंगीत जेपेग, ८ ते १० केबी. २०० बाइटचे तुकडे करून एकापाठोपाठ एक सोडतो. उघडीप असली की फोटो बहुतेक वेळा पुरता येतो. पाऊस लागला की वरचा भाग चांगला, मग चित्र एका बाजूला सरकतं, खांब मधेच तुटल्यासारखा दिसतो, पुढं गुलाबी-हिरवं आणि शेवटी नुसतं करडं. आणि पाण्याची रेघ नेमकी खालच्या भागात. एसएफ १२ लावलं तर एका फोटोला पाच-साडेपाच मिनिटं जातात आणि तरी भोकं पडतातच.

जेपेग सोडून दुसरा कुठला फॉरमॅट घ्यावा का? का अजून काही?

दख्खनचा_सुभेदार:

फोटो कशाला पायजे? अल्ट्रासॉनिक सेन्सर लावा. दोन बाइटचा आकडा, एसएफ १२ वर आरामात पोचेल. विषय संपला.

हिरण्यकेशीकाठ:

सेन्सर लावून झालाय, अजून आहे तिथं. पुराच्या पाण्याबरोबर पाचट, ओंडके येतात, खांबाला अडकतात आणि आकडा उड्या मारतो. शिवाय चेअरमन म्हणतात, डोळ्यांनी दिसल्याशिवाय ट्रॅक्टर काढणार नाही. त्यांचंही खरं आहे, रात्री दोनला माणसं उठवायची म्हणजे चेष्टा नव्हे.

मॉडेमवाली:

चेअरमनच्या बाजूनं माझं मत. आकडा चुकला तर तो चुकलाय हे आकड्याकडं बघून कळत नाही, फोटो बिघडला तर बिघडलेला दिसतो. मी आयुष्यभर मॉडेमचं फर्मवेअर लिहिलंय, तेव्हा जरा लांब लिहिते. चहा घेऊन बसा.

फॉरमॅटचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: हवेत पॅकेट किती हरवतात, आणि एक पॅकेट हरवलं की चित्र किती हरवतं. पहिलीवर सगळे अँटेना आणि पॉवर घेऊन तुटून पडतात. तुमचं जास्त नुकसान दुसरीत होतंय.

जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतं आणि त्यातून निघालेले आकडे हफमन कोडनं लिहितं. वारंवार येणाऱ्या आकड्याला आखूड कोड, क्वचित येणाऱ्याला लांब. दोन कोडांच्या मधे स्वल्पविराम नाही, जागा नाही. मधले २०० बाइट गेले की डिकोडर पुढच्या कोडाच्या भलत्याच ठिकाणी उतरतो आणि तिथून वाचत सुटतो. हफमनचं एक आहे, थोडं पुढं जाऊन तो बरेचदा आपोआप ताळ्यावर येतो. पण मधे किती ठोकळे गेले याचा त्याला पत्ता नसतो, म्हणून उरलेलं चित्र चुकीच्या जागी बसतं. तुमचा खांब तुटतोय तो असा.

गुलाबी-हिरव्याचं कारण वेगळं. प्रत्येक ठोकळ्याची सरासरी उजळता आणि रंग थेट लिहिलेले नसतात, मागच्या ठोकळ्यापेक्षा किती कमी-जास्त एवढंच असतं. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीतलं एक पान फाटलं की पुढच्या प्रत्येक पानावरची ‘मागील बाकी’ चुकते, तसं शेवटपर्यंत सगळं चुकत जातं.

आता मला एक सांगा, सीआरसी (पॅकेट वाटेत बिघडलं का ते ओळखणारा तपासणीचा आकडा) चालू आहे का? आर्डुइनोवर बहुतेक जण जी लोरा लायब्ररी वापरतात तिच्यात तो मुळात बंद असतो, सुरुवातीला एक ओळ लिहून चालू करावा लागतो. बंद असेल तर बिघडलेलं पॅकेटसुद्धा चांगलं म्हणून गळ्यात पडतं. चालू केलात की बिघडलेलं पॅकेट टाकून देता येतं. न आलेलं पॅकेट परवडलं. भोक कुठं आहे ते नेमकं ठाऊक असतं. आणि हो, तुमच्या तुकड्यांवर क्रमांक आहेत ना? नुसतं आलेलं आलेल्याला जोडत असाल तर वरचं सगळं पुराण त्याच्यापुढं किरकोळ आहे.

जेपेगच्या प्रमाणातच यावर एक उतारा आहे, रिस्टार्ट मार्कर. ठरावीक ठोकळ्यांनंतर एक खूण टाकायची, तिथं बिटांची मोजणी नव्यानं आणि मागील बाकी शून्य. पण खुणा आठच आहेत, शून्य ते सात, आणि त्याच फिरत राहतात. सलग आठ तुकडे गेले तर डिकोडरला वाटतं काहीच गेलं नाही. म्हणून जागेचा हिशोब पॅकेटच्या डोक्यावरच्या माहितीत, म्हणजे हेडरमध्ये, आपणच लिहायचा. बलून सोडणारी हौशी मंडळी एसएसडीव्ही नावाची पद्धत वापरतात, त्यात हेच आहे: २५६ बाइटचं पॅकेट, चित्रातल्या कितव्या ठोकळ्यापासून आपण सुरू होतो हे प्रत्येकात लिहिलेलं, त्यामुळे कुठलंही एकटं पॅकेट आलं तरी आपल्या जागी जाऊन बसतं. त्यात रीड-सॉलोमनचे ३२ बाइटही असतात, १६ बिघडलेले बाइट दुरुस्त करतात. तुम्हाला त्यांचा उपयोग नाही. लोराचा सीआरसी नापास झाला की पॅकेट अख्खंच जाणार, आतली दुरुस्ती करायला हातात काही उरतच नाही. त्या ३२ बाइटांत चित्र भरा.

तुमच्या जागी मी असते तर एसएसडीव्हीही घेतलं नसतं. तुम्हाला बघायचाय एक उभा खांब. डावीकडचं झाड, उजवीकडचं फेसाळ पाणी आणि आभाळ यांना हवेतून कशाला नेताय? फेसाळ पाण्यात बारीक तपशील इतका की जेपेगचे निम्मे बाइट तेच खाऊन जातं. कॅमेऱ्याकडून जेपेग घेऊच नका, करड्या छटांतली कच्ची चौकट घ्या. तिच्यातून खांबाची ९६ पिक्सेल रुंद, २४० उंच पट्टी कापा. पट्टीचे १६-१६ ओळींचे पंधरा काप करा आणि प्रत्येक काप स्वतंत्र जेपेग म्हणून दाबा. कच्च्या पिक्सेलवरून जेपेग करणारं फंक्शन त्या कॅमेऱ्याच्या लायब्ररीतच आहे. कापांचा आकार आणि क्वालिटी ठरलेली असली की जेपेगचं हेडर दर वेळी तेच येतं. ते टाकीवरच्या मॉड्यूलमध्ये एकदाच साठवून ठेवा, हवेतून पाठवू नका. उरतं ते कापामागं साधारण दीडशे बाइट. एक काप, एक पॅकेट. एक गेलं तर पट्टीत एक आडवी काळी फीत, बाकीचं जिथल्या तिथं.

वेळ बघा. एसएफ १० ला १५० बाइटचं पॅकेट जवळपास १.४ सेकंद हवेत असतं. पंधरा पॅकेट म्हणजे २१-२२ सेकंद. एसएफ ७ पेक्षा एसएफ १० ला साताठ डेसिबलचा फायदा होतो, तो या छोट्या फोटोमुळं परवडतो. एसएफ १२ ला पूर्ण २५५ बाइटचं पॅकेट नऊ सेकंद घेतं, त्याच्या वाट्याला जाऊ नका.

पोच प्रत्येक पॅकेटला मागू नका. रेडिओ एका वेळी बोलतो किंवा ऐकतो, दर वेळी उलटसुलट करण्यात वेळ जातो. पंधराही सोडा, मग थांबा. टाकीवरून दोन बाइट परत येऊ देत: पंधरा बिट, आलं त्याला १, नाही त्याला ०. शून्यवाले तेवढे पुन्हा सोडा. ते दोन बाइटच हरवले तर पाचेक सेकंदांनी शेवटचा काप परत पाठवून पोच पुन्हा मागा. तीन फेऱ्यांत नाही जमलं तर असेल तसा फोटो दाखवा.

एक वात्रट युक्ती: मागच्या फोटोत पाणी कितव्या कापात होतं ते गावातून बंधाऱ्याला कळवा. तो काप, त्याच्या वरचा आणि खालचा, हे पुढच्या खेपेला पहिल्यांदा आणि दोनदा पाठवा. वरच्या कोरड्या खांबाचा काप नाही आला तर कुणाचं काय अडतंय? पुस्तकात याला असमान संरक्षण म्हणतात.

बिनतारी_जगत:

ताई, लेख छान, पण प्रोग्रेसिव्ह जेपेग का नाही? आधी अंधूक पूर्ण चित्र, मग हळूहळू स्पष्ट. मधे तुटलं तरी अंधूक का होईना, पूर्ण दिसतं. नाहीतर जेपेग २०००, त्याचा तर वायरलेससाठी वेगळा भागच आहे. आणि फाउंटन कोड लावले (मूळ पॅकेट मिसळून जास्तीची पाठवायची, कुठलीही पुरेशी पोचली की फाइल तयार) तर पोचपावतीची भानगडच नको.

मॉडेमवाली:

प्रोग्रेसिव्ह तेव्हा चांगलं जेव्हा बाइट क्रमानं येतात आणि कुठंतरी थांबतात. वेबपेजवर तसंच होतं, टीसीपी हा इंटरनेटचा नियम क्रम राखतो. इथं क्रमाच्या मधे भोकं आहेत. पहिल्या, अंधूक फेरीतलं एक पॅकेट गेलं की पुढच्या बारीक तपशिलाला बसायला पायाच नाही.

जेपेग २००० चा तुम्ही म्हणता तो भाग ११, २००७ चा. कल्पना फार चांगल्या आहेत त्यात, पण बंधाऱ्यावरच्या स्वस्तातल्या बोर्डावर वेव्हलेट आणि अंकगणिती कोडिंग ही जड गणितं कोण चालवणार? खिशात पैसे आणि वेळ असता तर मीही तिकडंच गेले असते. नासाच्या स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी या मंगळगाड्यांवर २००४ पासून आयसर नावाचं वेव्हलेट कॉम्प्रेशन होतं. त्यातही चित्राचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्वतंत्र दाबायचे, का तर एकातलं नुकसान दुसऱ्यात जाऊ नये. म्हणजे इतक्या भारी कोडरलाही कापाकापी चुकली नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९६५ साली मरिनर ४ नं मंगळाचे फोटो पाठवले: २०० × २०० पिक्सेल, प्रत्येकाला ६ बिट, वेग सेकंदाला ८⅓ बिट. भागाकार करा, एका फोटोला आठ तास येतात. आपले बावीस सेकंद काही वाईट नाहीत.

फाउंटन कोडचं मात्र अगदीच मोडीत काढत नाही. हजारो पॅकेटांची फाइल असेल तर ते बहारदार चालतात. पंधराच पॅकेटांवर एलटी कोडसारखं (फाउंटनचाच एक प्रकार) यादृच्छिक काही लावलं तर वरखर्चच जास्त होतो. इथं साधी एक्सॉर पॅरिटी पुरे: पाच कापांचा एक्सॉर (बिटाला बिट ताडून, १ ची संख्या विषम असेल तिथं १, नाहीतर ०) करून सहावं पॅकेट, पाचातलं कुठलंही एक हरवलं तर परत मिळतं. ऐकणारा एकच असेल आणि त्याला बोलता येत असेल तर परत पाठवणंच स्वस्त. ऐकणारे अनेक झाले की गणित फिरतं. हिरण्यकेशीकाठ, खालच्या गावांनाही हा फोटो हवाय का?

हिरण्यकेशीकाठ:

ताई, सीआरसी बंदच होता. चालू केला. तुकड्यांवर क्रमांक होते. कापांचं केलं, एसएफ १० वर परवाच्या पावसात पट्टी दिसली, मधे दोन काळ्या फिती, पाण्याची रेघ स्पष्ट. चेअरमननी मोबाइलवर बघून “हां, हे बरं” म्हटलं, म्हणजे आमच्याकडं पास.

खालच्या दोन वाड्यांनाही हवाय, विचारून गेलेत.

अडचण आता रात्रीची. अंधार पडला की इन्फ्रारेड दिवा लागतो, पण काप दीडशे बाइटचे न राहता तीनशेच्या वर जातात, पॅकेटमध्ये मावत नाहीत. खांब तोच, चित्र दिवसापेक्षा साधं, तरी फाइल मोठी कशी? आणि पोचच्या दोन बाइटांचं एक: बंधाऱ्याकडून गावात पॅकेट येतात त्या मानानं गावाकडून बंधाऱ्याला पोच फार वेळा हरवते. दोन्हीकडं तेच मॉड्यूल, तीच पॉवर.

मॉडेमवाली:

रात्रीचा दोष सेन्सरवरच्या दाण्यांचा. उजेड कमी, म्हणून कॅमेरा गेन, म्हणजे सिग्नल फुगवण्याचं प्रमाण, चढवतो, चित्रभर रवाळ ठिपके येतात. तुम्हाला ते दिसत नाहीत, जेपेगला दिसतात, आणि प्रत्येक ठिपका हा महत्त्वाचा तपशील समजून तो इमानेइतबारे लिहून काढतो. दाबण्याच्या आधी उपाय करा. कॅमेरा हलत नाहीये, लागोपाठ चार चौकटी घ्या आणि पिक्सेलनिहाय सरासरी काढा, दाणे निम्म्यावर येतात. गेनला वरची मर्यादा घाला, एक्स्पोजर वाढू दे. पाणी पुसट होईल, ते आपल्या पथ्यावरच. वरून पडणारे थेंब इन्फ्रारेडमध्ये पांढऱ्या रेघा काढतात, त्याही सरासरीत विरतात. दिवा कॅमेऱ्याला चिकटून असेल तर हातभर बाजूला न्या, भिंगासमोरचे थेंब कमी चमकतील.

तरी एखादा काप मोठा निघालाच तर तेवढ्यापुरती क्वालिटी एक पायरी खाली आणून पुन्हा दाबा. क्वालिटीच्या तीन-चार पायऱ्या ठरवा, प्रत्येकीचं हेडर टाकीवर ठेवा, पायरीचा क्रमांक पॅकेटच्या पहिल्या बाइटमध्ये घाला. फाइल मोठी होते तीही नेमकी रात्री आणि पावसात, जेव्हा हवा सगळ्यात वाईट असते. म्हणून ही सोय शांत दिवसाच्या भरवशावर टाळू नका.

दोन वाड्यांसाठी तीन पॅरिटी पॅकेट शेवटी जोडा. त्यांना पोच पाठवू देऊ नका, नुसतं ऐकू द्या. एका वाडीचा तिसरा काप हरवला, दुसरीचा पाचवा, तरी दोघींचं भोक त्या गटाच्या एकाच पॅरिटी पॅकेटनं बुजतं. काप कमी-जास्त लांबीचे आहेत, तेव्हा एक्सॉरच्या आधी शून्यं भरून सारखे करा, आणि खरी लांबी कापाच्या आतच, सुरुवातीच्या बाइटमध्ये लिहा, म्हणजे तीही एक्सॉरमध्ये जाते आणि परत मिळते. ही लांबी हेडरमध्ये ठेवणारे पुष्कळ लोक मी बघितलेत, आणि मग परत मिळालेल्या कापाचा शेवट कुठं ते शोधत बसतात.

पोच हरवण्याचं रेडिओवाल्यांना विचारा. मला वाटतं बंधाऱ्याच्या बाजूला ऐकण्यात अडथळा येतोय.

मिरजेचा_अँटेनावाला:

ताईंचा अंदाज बरोबर वाटतो. बोलताना पॉवर आपल्या हातात असते, ऐकताना आजूबाजूचा गोंगाट आडवा येतो. बंधाऱ्यावर सोलरचा चार्ज कंट्रोलर आणि कॅमेऱ्याचा बोर्ड अँटेनाला खेटून आहेत का? ईएसपीचा कॅमेरा चालू असताना त्याचं घड्याळ बऱ्यापैकी खरखर करतं. पोच ऐकायच्या आधी कॅमेरा बंद करा, स्वस्तातला चार्ज कंट्रोलर असेल तर तो लांब न्या, आणि अँटेना मीटरभर केबलवर घेऊन खोक्यापासून दूर करा. रात्री सोलर बंद असताना पोच जास्त येते का ते बघा, म्हणजे चोर कोण ते कळेल.

दुसरं, पावसाला उगाच दोष देताय. ८६६ मेगाहर्ट्झला तीन किलोमीटरमध्ये पावसाच्या थेंबांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते ओल्या पानांनी आणि कनेक्टरमध्ये शिरलेल्या पाण्यानं. तीन किलोमीटरच्या मध्यावर लहरीला वर-खाली सोळा मीटरचा मोकळा पट्टा हवा असतो, निदान त्याच्या साठ टक्के तरी. ओढ्याकडेची झाडी मध्यावर आहे का एका टोकाला? मध्यावर असेल तर बंधाऱ्याकडचा खांब उंच करून फारसा फायदा नाही, टाकीवरची अँटेना कठड्याच्या वर काढा. आत्ता ती कठड्याच्या आत असणार, बहुतेकांची तशीच असते.

हिरण्यकेशीकाठ:

आतच आहे. कठडा सिमेंटचा. आणि चार्ज कंट्रोलर कॅमेऱ्याच्याच डब्यात. उद्या पाऊस उघडला तर टाकीवर चढतो. कनेक्टरला काय गुंडाळू? साधी इन्सुलेशन टेप गेल्या पावसात सुटून आली.

मिरजेचा_अँटेनावाला:

सेल्फ-फ्यूजिंग रबर टेप मागा, इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात मिळते. ताणून खालून वर गुंडाळा, म्हणजे पदर खाली तोंड करून बसतात आणि पाणी आत जात नाही. तिच्यावरून साधी टेप, उन्हापासून. आणि केबल डब्यात शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडा, पाणी तिथून ठिबकून जाईल.